शफल बंद करा, 'एअरबॅग' लावा!

अल्बमचं पहिलं गाणं सोडून तिसऱ्यापासून ऐकणारी माणसं म्हणजे सिनेमाला इंटरव्हलनंतर जाणारी माणसं. आणि हल्ली सगळेच तसे झालेत!

रेडिओहेडचंच घ्या. 'ओके कॉम्प्युटर', साल १९९७. 'कर्मा पोलीस' आणि 'नो सरप्रायझेस' सगळ्यांच्या प्लेलिस्टमध्ये. पण अल्बम जिथून सुरू होतो ते 'एअरबॅग'? "ते स्किप करतो रे." वर शेरा तयार, "रेडिओहेड म्हणजे रडके लोक." अरे, दार न उघडताच घरात अंधार आहे हे कसं कळलं तुम्हाला?

'एअरबॅग' रडकं नाहीच मुळी. गाडीच्या अपघातात एअरबॅगमुळे वाचलेला माणूस त्यात गातोय. आपण जिवंत आहोत याचंच त्याला एवढं अप्रूप, की आता आपण अख्खं विश्व वाचवायला परत आलोय असं त्याला वाटायला लागतं. गायक थॉम यॉर्क स्वतः १९८७ मध्ये कारच्या अपघातात सापडला होता. याला निराशा म्हणणाऱ्यांनी कान तपासून घ्यावेत.

आता जरा आपल्या धंद्यातलं. ड्रम्स फिल सेल्वेने वाजवले, पण त्यातला काही सेकंदांचा तुकडा घेऊन बँडने तो मॅकिंटॉशवर कापला, जोडला आणि लूप केला. डीजे शॅडोवरून सुचलेली युक्ती. त्यावर कॉलिन ग्रीनवुडचा बेस मध्येच गप्प होतो, मग परत येतो. अपघातातून नुकताच उठलेला माणूस असाच ठेचकाळत चालणार ना?

आमच्या फुलचूरचे दोस्त म्हणतात, "हे पुण्या-मुंबईचे चोचले. गोंदियाच्या माणसाला इंग्लंडच्या एअरबॅगचं काय?" राजेहो, उलट आपल्यालाच जास्त! २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ ला, म्हणजे गाणं आल्यावर बावीस वर्षांनी. आपल्या शंभर सीसीच्या बाईकला तर ती नाहीच. हेल्मेट आहे, ते आरशाला लटकतंय. धडधाकट घरी पोचणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागू नये.

आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा. अल्बमचं शेवटचं गाणं 'द टूरिस्ट'. संथ, अगदी निवांत, "जरा हळू जा बाबा" एवढंच सांगणारं. संपताना एक छोटीशी घंटी वाजते. सुरुवातीला धडक, शेवटी सबुरी. मधल्या ट्रॅक्सची सगळी घुसमट या दोन टोकांमध्ये बसवलेली आहे. शफल दाबलं की उरतात फक्त बारा सुट्या फायली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं डिफॉल्ट शफल काढलं. अडेलला जे कळतं ते आपल्याला का कळू नये?

"वेळ कुठाय?" हे तर सांगूच नका. अख्खा अल्बम ५३ मिनिटांचा आहे. गोंदिया ते नागपूर ट्रेनमध्ये तो जवळजवळ दोनदा होतो. तेवढ्या वेळात तुम्ही पाचशे रील्स सरकवता, आणि नागपूर आल्यावर त्यातलं एक आठवत नाही.

तेव्हा या वीकेंडला एकच करा. हेडफोन लावा, शफल बंद करा आणि पहिल्या गाण्यापासून सुरू करा. नाही आवडलं तर खुशाल शिव्या घाला. पण आधी ऐका तरी!