मुक्काम आधी, मजल नंतर

इंग्लंडातील कालव्यांवर आठवडाभर नॅरोबोट भाड्याने घेऊन हिंडण्याचा बेत आखू लागले, की एक नकाशा आणि एक सूत्र आपल्या हाती येते. सूत्र असे: जितके मैल जायचे असतील त्यांत वाटेतील लॉकांची संख्या मिळवावी आणि बेरजेला तीनाने भागावे, उत्तर येईल तितके तास लागतात. हे सूत्र खोटे नव्हे. कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जायचे. आणि एक लॉक पार करायला साधारण वीस मिनिटे लागतात. आमची तक्रार आहे ती या सूत्राने जो प्रश्न अग्रस्थानी आणून बसवला आहे त्याविषयी. किती दूर जाता येईल हे ते सांगते. थांबायचे कोठे, याबद्दल ते मौन पाळते. मजल आणि मुक्काम हे दोन्ही शब्द आपल्या भाषेत जोडीने नांदतात. बेत आखणाऱ्यांच्या कागदावर मात्र सारी मजलच दिसते, आणि मुक्काम म्हणजे दिवस संपला तेथे मारलेली फुली.

मराठी वाचकाला 'कालवा' म्हटले की पाटबंधारे खाते, आवर्तन आणि ऊस आठवणार. आपल्याकडे पाणी चालते. इंग्लंडातील कालव्यात पाणी जवळजवळ उभे असते आणि चालतो तो माल. निदान एके काळी चालत असे. जोसाया वेजवूड या कुंभारकामाच्या कारखानदाराला खडबडीत रस्त्यांवर फुटणाऱ्या मालाचा वीट आला होता. ट्रेंट अँड मर्सी कालव्याची पहिली कुदळ १७६६ साली त्यानेच मारली. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने तेथील बहुतेक लॉक अवघे सात फूट रुंद ठेवले, आणि त्या काटकसरीमुळे नॅरोबोट आजही सहा फूट दहा इंच रुंद आणि फार तर बहात्तर फूट लांब असते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी भरून किंवा उपसून बोट वर-खाली करायची. एका फेऱ्याला लाखाहून अधिक लिटर पाणी खालच्या अंगाला जाते. झडपा फिरवायला आणि दरवाजे ढकलायला बहुतेक ठिकाणी कोणी नोकर नसतो. ते काम आपणच करायचे.

आता सर्वांत लोकप्रिय बेत पाहा. 'फोर काउंटीज रिंग' या नावाचे एक वर्तुळ आहे. चार निरनिराळे जलमार्ग जोडून ते होते आणि जेथून निघालो तेथेच परत येता येते. नॅरोबोट वाटेल तेथे वळवता येत नाही. कालव्याला मुद्दाम दिलेल्या रुंद बगलेतच ती वळते. म्हणून वर्तुळाचे आकर्षण आम्ही समजू शकतो. परंतु हे वर्तुळ सुमारे ११० मैलांचे असून त्यात ९४ लॉक आहेत. सूत्राप्रमाणे ६८ तास झाले. बोटीचा ताबा शनिवारी दुपारी मिळतो आणि पुढच्या शनिवारी सकाळी ती परत करावी लागते. म्हणजे हाताशी पूर्ण दिवस सहाच. रोजचे अकरा तास! सराईत मंडळी तीनाऐवजी चाराने भागतात. तरीही साडेआठ तासांची हजेरी सुटत नाही. त्यात वाटेवर हेअरकॅसलचा बोगदा. टेलफर्डने बांधलेला आणि १८२७ साली खुला झालेला हा बोगदा पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास लांब आहे. त्यात एका वेळी एकाच दिशेने बोटी जातात आणि आत शिरण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या वेळा गाठायच्या म्हटले की आदली रात्र कोठे काढायची हे आपण ठरवत नाही; बोगदा ठरवतो. सुट्टी घ्यायची ती वेळापत्रकातून सुटण्यासाठी, आणि तिच्यासाठी पहिले काम काय, तर नवे वेळापत्रक!

श्रॉपशर युनियन कालव्यावर पूर्वी 'फ्लाय' बोटी असत. मुक्काम न करता, ठरावीक टप्प्यांवर घोडे बदलत, पाळ्या लावून त्या रात्रंदिवस चालत. नाशवंत आणि तातडीचा माल त्यांनी न्यायचा. ऑडलेम गावातील कालव्याकाठच्या पबच्या नावात, 'श्रॉपी फ्लाय'मध्ये, ती आठवण शिल्लक आहे. वर्तुळ पुरे करण्याच्या ईर्ष्येने पहाटे सहाला इंजिन सुरू करणारे सुट्टीकर पाहिले की आम्हांला त्या फ्लाय बोटी आठवतात. फरक इतकाच, की त्यांवरील माणसांना या घाईचे पैसे मिळत असत.

आम्ही सुचवू तो बेत याच कालव्यावरचा आणि सरळ रेषेतला आहे: नॅन्टविचहून निघून नॉर्बरी जंक्शनपर्यंत जायचे, बोट वळवायची आणि त्याच वाटेने परत यायचे. सुमारे चोवीस मैल, सत्तावीस लॉक. म्हणजे जायला सतरा तास आणि यायला सतरा. दिवसाला सहा तासही पडत नाहीत. 'तीच वाट दोनदा काय पाहायची?' असा आक्षेप येतो. ज्याने कालवा एकदा चढताना आणि एकदा उतरताना पाहिला नाही त्याने तो अर्धाच पाहिला, असे आमचे मत आहे. शिवाय जाताना हेरून ठेवलेली जागा येताना मुक्कामाला घेता येते. वर्तुळात ही सोय नाही. तेथे मागे टाकले ते गेलेच.

जागा हेरणे हीच या प्रवासातली खरी विद्या होय. साधा नियम असा की, टोपाथच्या, म्हणजे पूर्वी घोडे चालत त्या पाऊलवाटेच्या, बाजूला फलकाने मनाई नसेल तेथे बोट बांधता येते. समोरचा काठ बहुधा खाजगी असतो. परंतु लॉकच्या तोंडाशी, पाणी भरण्याच्या नळापाशी, वळणावर, पुलाला लागून किंवा बोटी वळवण्याच्या बगलेत बांधायची नाही. इतके वगळूनही मैलोन्‌मैल काठ उरतो असे नकाशावर दिसते. प्रत्यक्षात त्यातला बराचसा गाळाने उथळ झालेला असतो आणि बोट काठापासून चार हात अलीकडेच जमिनीला टेकते. श्रॉपशर युनियनवर तर पाण्याखाली दगडी कंगोराच आहे. 'श्रॉपी शेल्फ' म्हणून तो कुप्रसिद्ध आहे. नेहमीची गोळी लावून बोट बांधली तर शेजारून बोट गेली की आपली बोट त्या कंगोऱ्यावर रात्रभर ठणठण आपटणार; म्हणून जाणती माणसे बोट आणि काठ यांच्यामध्ये टायर किंवा लहान चाके सोडतात. जेथे काठाला लोखंडी पत्रे ठोकलेले आहेत तेथे आकडे अडकवून दोर बांधावा. नुसती माती असेल तेथे मेखा ठोकाव्यात. पावसाने भिजलेल्या मातीतील मेख भरधाव गेलेल्या एका बोटीने उपटली जाते, आणि सकाळी आपण कालव्याच्या मधोमध आडवे!

या मार्गावर वुडसीव्ज येथे खडकात खोदलेली लांब, अरुंद आणि सदा ओलसर खिंड आहे. दिवसा ती पाहून डोळे निवतात. पण तेथे थांबायचे नाही, पुढे निघायचे. मार्केट ड्रेटनजवळच्या बेटन खिंडीत किंचाळणारे भूत आहे आणि जुने नावाडी तेथे रात्री बोट बांधत नसत, अशी आख्यायिका आहे. भुताचे काय ते असो. झाडांनी झाकलेल्या, ऊन न पोचणाऱ्या खिंडीत ओल्या कपड्यांनिशी रात्र काढू नये, हा नियम त्यांनी भुताच्या तोंडून घालून दिला असेल तर तो उत्तमच म्हटला पाहिजे. याउलट भरावावरचा मुक्काम. शेल्मोरचा उंच भराव नॉर्बरीच्या दक्षिणेला आहे, आमच्या टप्प्याच्या जरासा पलीकडे. जमीनदाराचे शिकारीसाठी राखलेले रान टाळण्याकरिता टेलफर्डला तो घालावा लागला. माती वर्षानुवर्षे घसरत राहिली. कालवा १८३५ साली खुला झाला, तेव्हा टेलफर्डला जाऊन काही महिने झाले होते. एका जमीनदाराच्या तितरांपायी आज वाटसरूला झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून चालायला मिळते.

ऑडलेमला पंधरा लॉकांची माळ आहे. तिच्यात बोट ९३ फूट वर चढते. ती दुपारी चारला सुरू करू नये. पायथ्याशी किंवा गावाजवळच्या टप्प्यावर रात्र काढून सकाळी ताज्या हातांनी चढावी. भाड्याच्या बोटी अंधार पडल्यावर चालवू देत नाहीत. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, हाच मोठा मोह. ऑक्टोबरमध्ये सहाच्या सुमारास निर्णय आपसूक होतो. आमच्या मते ऋतू कोणताही असो, चार वाजले की जागा शोधू लागावे आणि दर रात्रीसाठी दोन जागा मनात असाव्यात. कारण पहिली गेलेली असू शकते.

ती गेलेली असू शकते, कारण ती राखून ठेवता येत नाही. काही थोड्या जागा सोडल्या तर कालव्याकाठची रात्र आगाऊ नोंदवण्याची सोय नाही, आणि आमच्या म्हणण्याचा गाभा येथेच आहे. ही गैरसोय नसून ठेवा आहे. परवान्याची कोणतीही बोट, मग ती भाड्याची असो वा मालकीची, या सार्वजनिक काठावर थांबू शकते. वर्दळीच्या जागी फलकावर २४ किंवा ४८ तास लिहिलेले असतात, इतरत्र मर्यादा चौदा दिवसांची. तिच्या बदल्यात अट एकच: पुढे निघा आणि दुसऱ्याला जागा द्या.

हा काठ आपसूक उरलेला नाही. १९४४ साली एका रेल्वे कंपनीने संसदेच्या कायद्याने आपले अनेक कालवे सोडून दिले. नॉर्बरीहून न्यूपोर्टकडे जाणारी शाखा त्यांतच गेली, आणि गावाच्या नावात 'जंक्शन' तेवढे उरले. त्याच साली एल. टी. सी. रोल्ट यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातून रोल्ट आणि रॉबर्ट एकमन एकत्र आले आणि १९४६ साली त्यांनी 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' स्थापन केली. रोल्ट यांना आस्था होती ती मुख्यतः कालव्यावर राबणाऱ्या माणसांची. एकमन यांना एकही कालवा जाऊ द्यायचा नव्हता. भांडण विकोपाला जाऊन १९५१ साली रोल्ट संस्थेबाहेर काढले गेले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि मालवाहतुकीने जवळजवळ मान टाकली. कालवा कोणासाठी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे आणि आजही तो सुटलेला नाही.

आज तो बोटीवर राहणाऱ्यांच्या रूपाने समोर येतो. १९९५ च्या कायद्यानुसार, ज्याला स्वतःची कायमची जागा नाही अशा बोटवाल्याने एका ठिकाणी चौदा दिवसांहून अधिक राहू नये, आणि परिस्थितीने वाजवी ठरेल तेव्हाच अधिक राहावे. हजारो माणसे अशी राहतात. काही हौसेने, काही घरभाडे परवडत नाही म्हणून. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधील बहुतेक कालवे सांभाळणाऱ्या 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट'ने २०२४ पासून त्यांच्या परवान्यावर अधिभार लावला आहे. सरकारने २०२३ साली, २०२७ नंतरच्या दहा वर्षांसाठी ४० कोटी पौंडांचे अनुदान जाहीर केले. महागाई धरता ती मोठी कपात आहे, असे ट्रस्टचे म्हणणे. पैसा कमी पडला की पहिला डोळा काठावर जाणार: जागांना दर लावा, नोंदणी सुरू करा, सुट्टीकरांचा विरस टाळा.

सुट्टीकर म्हणून आम्ही याला विरोध करतो. सपाट छपरावर लाकडे, सायकली आणि कुंड्या रचलेली बोट 'दृश्य बिघडवते' अशी कुरकुर आम्ही ऐकली आहे. जुन्या नावाड्यांची कुटुंबे दहा फुटांच्याही आतल्या खोलीत संसार करीत. त्यांच्या रंगवलेल्या किटल्यांच्या प्रतिकृती आपण आज हौसेने विकत घेतो, आणि जिवंत संसार काठावर दिसला तर नाक मुरडतो. एका रात्रीच्या पाहुण्याने आपली सोय हा काठाचा कायदा मानू नये. जागा नोंदवता येऊ लागली की ज्याला पैसे आधी भरता येतात त्याची ती झाली, आणि चौदा दिवसांनी निमूट हलणाऱ्याला हलण्यासाठी जागाच उरणार नाही. आपण इतके तरी करावे: ४८ तासांच्या जागेवर काम झाले की निघावे, दोन बोटींमध्ये अर्धी बोट मावेल एवढी फट ठेवून बांधू नये, आणि रात्री आठनंतर इंजिन बंद ठेवावे.

आमच्या बेतात अजून एक रात्र अनिश्चित आहे. मार्केट ड्रेटनचा आठवडी बाजार बुधवारी भरतो. त्यासाठी मंगळवारची रात्र तेथे काढायची, तर नॉर्बरीवर पाणी सोडावे लागते. नॉर्बरी गाठायचे, तर परतताना ड्रेटनला पोचेपर्यंत पाले उठलेली असणार. घरातील मते समसमान आहेत. शुक्रवारची रात्र मात्र वादातीत आहे: शनिवारी सकाळी बोट परत करायची असल्याने नॅन्टविचपासून तासाभराच्या आत, हॅक ग्रीनची दोन्ही लॉक उतरून झाल्यावर, सापडेल तेथे.