नदीचेही बेणे असते



मध्यंतरी गटऑफिसात दोन-तीन सभासद आले. म्हणाले, "साहेब, बंधाऱ्याच्या डोहात खडशी दिसेनाशी झाली. वर्गणी काढतो, कुठून तरी बोटुकली आणून सोडू." इच्छा चांगलीच. पण 'कुठून तरी' हे शब्द आम्हाला खटकले. उसाचे बेणे आपण कुठून तरी आणतो का? बेणेमळा पाहतो, वाण विचारतो, काणी तपासतो. मग नदीत सोडायच्या माशाचे कूळ का विचारू नये?

कावेरीत काय झाले ते पाहा. त्या गोष्टीत आपल्या कृष्णा खोऱ्याचाही संबंध येतो. खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला म्हणून शास्त्राच्या दप्तरी नोंदवला. १९७० च्या दशकात लोणावळ्याला त्याची पैदास होऊ लागली आणि पिल्ले कावेरीतही सोडली गेली. हेतू नदी समृद्ध करण्याचाच होता. पण कावेरीचा स्वतःचा महसीर होता. पाठीला कुबड, वजन ५० किलोच्याही वर. पाहुणा वाढत गेला, घरचा हटत गेला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी यांनीही हातभार लावलाच.

दुर्दैव असे की, या कुबडवाल्याला तोवर नेमके शास्त्रीय नावही नव्हते. शरीराची ठेवण आणि डीएनए ताडून पाहिल्यावर २०१८ साली कळले की, २००७ मध्ये पांबार नदीतून वर्णन झालेला 'टॉर रेमादेवीआय' तो हाच. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. नाव कळेपर्यंत मासा संपत आला होता!

कोणी म्हणेल, मासा तो मासा, इतका कीस कशाला? त्यांना उसाचीच आठवण देतो. कोइमतूरला नदीकाठच्या रानटी कास गवताशी उसाचा संकर करून 'को २०५' काढला, तो १९१८ साली शेतकऱ्यांकडे गेला. आज आपल्या शेतातल्या 'को' वाणांत त्या रानगवताचे रक्त आहे. तण म्हणून ते आधीच संपवले असते तर? कोणत्या कुळात कोणता गुण दडला आहे, हे बाहेरून दिसत नाही.

शेततळ्यात रोहू-कटला खुशाल वाढवा. पण तळ्याला बांध असतो, नदीला नसतो. उसात भेसळ निघाली तर बेट उपटता येते. नदीतून मासा उपटता येत नाही.

म्हणून आमचे मत असे की, आधी आहे ते राखावे. उन्हाळ्यात शेवटच्या डोहावर मोटारी लावून तो कोरडा करू नये. जिलेटीन आणि विषारी औषध बंद म्हणजे बंद. महाडजवळ वाळणकोंडीला गावकऱ्यांनी देवाचे मासे म्हणून काळ नदीतले महसीर राखले आहेत. त्यासाठी हॅचरी लागली नाही. तरीही बीज सोडायचेच ठरले, तर ते आपल्याच खोऱ्यातले आहे याची मत्स्य विभागाकडून खात्री करून घ्यावी.

आणि कारखान्याचे सांडपाणी नदीत जाऊ न देणे ही जबाबदारी आम्हा नोकरवर्गाची. तिथे कसूर दिसली तर सभासदांनी आम्हालाही बेलाशक जाब विचारावा.

— ऊस विकास अधिकारी