जुन्या नंबरप्लेटा कोण जपणार?
आनंदनगरच्या रस्त्यावर आज सर्रास 'एमएच ०५' दिसतं, म्हणजे कल्याण आरटीओ. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि पेंटरने रंगवलेल्या पाट्या भंगारात निघाल्या. होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक यांनी चोरीला आळा बसतो, हे मान्यच. पण १९८९ आधीच्या, 'एम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी मालिका (माझ्या मते सर्वांत देखण्या) कोण टिपून ठेवणार? अमेरिकेत पाट्यांच्या संग्राहकांची संघटना १९५४ पासून आहे, 'प्लेट्स' हे तिचं नियतकालिक. आपल्याकडेही कुणा हौशी माणसाने सोळा पानी त्रैमासिक काढावं. दर अंकात एक पेंटर, त्याचे ब्रश, त्याच्या आकड्यांचं वळण. पहिली वर्गणी माझी.