नुसते विचारून भागत नाही

भारत हा ‘राज्यांचा संघ’ आहे, असे राज्यघटनेचे पहिले कलम सांगते. तिसरे कलम त्याच राज्यांना बजावते की तुमचे नाव, तुमची सीमा, तुमचे असणे संसदेच्या हाती आहे. साधे बहुमत पुरे. राष्ट्रपतींनी संबंधित विधिमंडळाचे मत मागवायचे, एवढीच अट. ते मानायचे बंधन नाही. साखरपुडा उरकून मुलीला पसंती विचारावी, तसा हा प्रकार.

घटनाकारांची बाजू ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले, की हा संघ राज्यांच्या आपसांतल्या कराराने बनलेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघण्याचा अधिकारही नाही. मान्य. फाळणीनंतर, शेकडो संस्थाने सामावून घेत नकाशा आखायचा, तर कलम लवचिक हवेच होते. त्यातूनच भाषावार राज्ये आली. २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक नाकारले, तरी तेलंगण झाले. अमेरिकेतल्यासारखी मूळ राज्याच्या संमतीची सक्ती असती, तर ते झाले नसते. तेव्हा सरसकट नकाराधिकार मीही मागत नाही.

पण नवे राज्य देणे आणि असलेले काढून घेणे, ही दोन कामे एका मापाने मोजायची कशी? ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश करणारा कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा तिथे विधानसभाच नव्हती. ती आदल्या नोव्हेंबरात विसर्जित झाली होती. राष्ट्रपती राजवटीत तिचे अधिकार संसदेकडे होते. म्हणजे विचारणारी संसद आणि उत्तर देणारीही संसदच. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लडाख वेगळे काढणे वैध ठरवले. उरलेल्या भागाला राज्याचा दर्जा परत देऊ, या सरकारच्या आश्वासनामुळे मुख्य प्रश्न मात्र अनिर्णित ठेवला. १९९४च्या बोम्मई निकालाने संघराज्य हे घटनेचे मूलभूत वैशिष्ट्य मानले होते. घराची चौकट शाबूत, आणि आतली खोली गायब?

हे श्रीनगरचे दुखणे म्हणून मराठी वाचकाने पान उलटू नये. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा दिल्लीतूनच झाली होती. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले, तेव्हा १ मे १९६० उजाडला. दिल्लीला थोपवले ते रस्त्यावरच्या माणसांनी. कलमात थोपवणारा एक शब्द नव्हता. आजही नाही.

म्हणून दोनच दुरुस्त्या हव्यात. राज्याचा दर्जा काढायचा, तर तिथल्या निवडून आलेल्या विधानसभेची संमती लागावी. आणि विधानसभा अस्तित्वात नसताना तिसऱ्या कलमाखालचे विधेयक येऊच नये. सीमेवरच्या सुरक्षेचे काय, असे कुणी विचारील. त्यासाठी आणीबाणीची कलमे आहेत. त्यांना मुदत असते, संसदेची मंजुरी पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. मोडलेल्या राज्याला अशी मुदत नसते.

आपल्यातल्या अनेक भाषांना शाळा, कचेरी आणि कायदेमंडळ मिळाले ते राज्यामुळे. ते राज्य मोडताना तिथल्या माणसांचे नुसते ऐकून घेणे पुरेसे वाटत असेल, तर पहिल्या कलमातला ‘राज्यांचा’ हा शब्द आपण शोभेपुरताच ठेवला आहे.