नारिंगी तार सक्तीची करावी: भारतीय मानक ब्यूरोस खुले पत्र

महासंचालक,
भारतीय मानक ब्यूरो,
मानक भवन, नवी दिल्ली
यांस,



यंत्राच्या नियंत्रण-पॅनेलचा मुख्य आयसोलेटर बंद केला, त्याच्या मुठीला कुलूप घातले आणि दार उघडले, म्हणजे आतील यच्चयावत तारा निर्जीव झाल्या, असा जो समज आमच्या औद्योगिक वसाहतींतील तारतंत्र्यांच्या मनात शिक्षणाने आणि सवयीने दृढ झालेला असतो, तो पुष्कळदा खरा असला तरी सर्वदा खरा नसतो. आणि जेथे तो खोटा ठरतो, तेथे माणसाच्या प्राणाशीच गाठ असते.

उदाहरणार्थ, प्रेस चालू असल्याखेरीज शेजारचा कन्व्हेयर हलू नये, एवढ्या साध्या बंदोबस्तासाठी कन्व्हेयरच्या पॅनेलमधून २३० व्होल्टची एक तार निघते, प्रेसच्या पॅनेलमधील रिलेच्या कॉन्टॅक्टमधून जाते आणि परत फिरते. प्रेसचा आयसोलेटर पाडला की रिले सुटतो. परंतु त्या कॉन्टॅक्टच्या एका टर्मिनलवर कन्व्हेयरकडून आलेला विद्युतदाब तसाच उभा असतो. पॅनेलमधील दिवा आणि दुरुस्तीच्या हत्यारांसाठी ठेवलेला सॉकेट हे यंत्र बंद असतानाच हवे असतात, आणि पावसाळ्यात आत दमटपणा साचू नये म्हणून बसविलेला हीटरही तेव्हाच चालावा लागतो. सबब यांचा पुरवठाही बहुधा आयसोलेटरच्या अलीकडूनच घेतलेला असतो. यात कोणाचा कसूर नाही. कसूर आहे तो या जिवंत तारांना इतर तारांचाच रंग देण्यात.

आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाचे ६०२०४-१ हे मानक आपण आय. एस. १६५०४ (भाग १) म्हणून स्वीकारले आहे. शक्तिपुरवठ्यास काळा, प्रत्यावर्ती नियंत्रणास तांबडा, एकदिश नियंत्रणास निळा आणि आयसोलेटर बंद केल्यावरही जिवंत राहणाऱ्या सर्किटांस नारिंगी, अशी रंगव्यवस्था त्यात आहे. मात्र ती केवळ शिफारशीच्या स्वरूपात. आयसोलेटरजवळ इशाऱ्याची पाटी आणि माहितीपुस्तिकेत उल्लेख यांची सक्ती आहे; त्यापुढे तारेचा रंग, तारांची स्वतंत्र मांडणी किंवा सर्किटापाशी आणखी एक पाटी, यांपैकी एक उपाय पुरेसा मानण्याची मुभा आहे. म्हणजे पाट्या लावून तीच तांबडी तार वापरणारा पॅनेलकार नियमांच्या चौकटीतच राहतो. परंतु पाटी तेल आणि धूळ यांखाली झाकली जाते, आणि बहुशः ती इंग्रजीत असते. रंग मात्र तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ट्रंकिंगमधून बाहेर येणाऱ्या प्रत्येक वळणावर, तारेसोबतच असतो.

आपल्या देशात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. येथील तारतंत्री तांबडा, पिवळा आणि निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ, या परंपरेत वाढलेला असतो. त्याच्या हाती परदेशी यंत्राचे पॅनेल आले, म्हणजे ज्या काळ्या तारेस तो न्यूट्रल समजतो ती जिवंत निघते आणि फिकी निळी तार न्यूट्रल ठरते. बाहेरून पुरवठा येणाऱ्या सर्किटांसाठी अमेरिकेत पूर्वी पिवळ्या तारेची रूढी होती, आणि तशी जुनी यंत्रे येथे आली तर ती तार आमच्या माणसास पिवळ्या फेजची वाटणे अगदी स्वाभाविक आहे. नारिंगी रंगास मात्र आमच्या जुन्या परंपरेत कोणताच अर्थ नाही. म्हणून तो कोणत्याही पूर्वग्रहाशी न भांडता शिकविता येईल, आणि हेच मला त्याच्या बाजूचे सर्वांत बळकट कारण वाटते.

आंतरराष्ट्रीय मानक जसेच्या तसे स्वीकारलेले असल्याने त्यात फेरफार करता येत नाही, असा खुलासा कदाचित येईल. तथापि राष्ट्रीय प्रस्तावनेत किंवा राष्ट्रीय विद्युत संहितेत अशा जिवंत राहणाऱ्या सर्किटांस नारिंगी तार अनिवार्य करण्याची, पिवळीस स्पष्ट मनाई करण्याची, आणि आयसोलेटरजवळची पाटी त्या त्या राज्याच्या भाषेतही लावण्याची तजवीज आपणांस करता यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील तारतंत्री व वीजतंत्री अभ्यासक्रमांत हा रंग पहिल्या वर्षीच यावा, अशी शिफारसही आपण संबंधित खात्याकडे करावी. हात घालण्यापूर्वी प्रत्येक टर्मिनल तपासून पाहण्याचे कर्तव्य यामुळे टळत नाही, हेही त्याच धड्यात सांगितले पाहिजे.

भोसरी, अंबड आणि वाळूज या औद्योगिक वसाहतींतील पॅनेलकारांस माझी वेगळी विनंती आहे: ब्यूरोच्या हुकुमाची वाट न पाहता, पुढच्या पॅनेलपासूनच आयसोलेटर बंद केल्यावरही जिवंत राहणाऱ्या प्रत्येक सर्किटासाठी नारिंगी तार वापरावी.

कळावे,
आपला,
एक विद्युत पर्यवेक्षक