सरगूरहून, मुद्द्याचं

सरगूर हे गाव म्हैसूरच्या नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर, कबिनी नदीच्या आसपास वसलेलं आहे. कालपरवापर्यंत ते हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुका झालंय. एका अंगाला बंडीपूरचं जंगल, दुसऱ्या अंगाला नागरहोळे, मध्ये 1974 साली पूर्ण झालेल्या कबिनी धरणाचं पाणी. सध्याची पोस्टिंग एनसीसीवर असल्याने शाळा-कॉलेजांच्या निमित्ताने माझं इकडे येणं-जाणं असतं, आणि प्रत्येक खेपेला एकच शब्द डोक्यात घोळत राहतो: 'नैसर्गिक'.

धरणाच्या पाण्याकडेला रिसॉर्ट आहेत. तिथे पाहुण्यांना वनौषधींच्या तेलाचा मसाज, 'डिटॉक्स' पेय, जंगलचा मध आणि शुद्ध हवा मिळते. तिथून थोड्याच अंतरावर जेनू कुरुबांच्या हाड्या आहेत. आदिवासी वस्तीला इकडे हाडी म्हणतात. 'जेनू' म्हणजे मध. पिढ्यान् पिढ्या उंच झाडांवरून आग्या मोहोळाचा मध काढणारे ते जेनू कुरुबा. रिसॉर्टमध्ये जे विकलं जातं ते सगळं या लोकांचं रोजचं जगणं होतं. आज हाडीत ते सापडत नाही, आणि रिसॉर्टमध्ये ते परवडत नाही.

माझं मत सरळ सांगतो. निरोगी राहण्याचे नैसर्गिक मार्ग आहेत, मी ते मानतो आणि पाळतोही. पण ते रोजच्या ताटात, चुलीत, पाण्यात आणि झोपेत असतात. बाटलीत भरून घरपोच येत नाहीत. ज्याच्या हातून जमीन आणि जंगल जातं, त्याच्या हातून ते सगळ्यात आधी जातात. शिवाय, एखादी गोष्ट नैसर्गिक आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. हे तिन्ही सरगूरइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

ताटापासून सुरुवात करू. या भागाचं जेवण म्हणजे रागी मुद्दे. आपल्या नाचणीच्या पिठाची उकड काढायची, उकळत्या पाण्यात पीठ सोडून लाकडी दांड्याने जोर लावून घोटायची, आणि हाताला पाणी लावून तिचा चेंडूएवढा गोळा वळायचा. सोबत सोप्पिन सारू, म्हणजे पालेभाजीचं पातळ कालवण, नाहीतर हुलग्याचं सारू. मुद्दे चावायचा नाही, सारूत बुडवून गिळायचा. आपल्या मराठी मुलांना पहिल्या दिवशी हे जमत नाही. दात आपोआप चालतात आणि गोळा टाळूला चिकटतो. आठवड्याभरात सवय होते, आणि मग लक्षात येतं की सकाळी नऊला खाल्लेल्या एका मुद्द्यावर माणूस दोन-अडीच वाजेपर्यंत शेतात राबतो.

यात जादू काही नाही. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात 10 च्या आसपास. तंतू भरपूर, आणि धान्य इतकं बारीक की त्याचा कोंडा पॉलिश करून काढणं फारसं कुणी करत नाही, सगळं दळलं जातं. शिवाय नाचणीला सहसा कीड लागत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं साठवता येते. दुष्काळी मुलखाने हे पीक उगाच नाही जपलं.

आता 'देशी' आणि 'पारंपरिक' या शब्दांवर फार भाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नाचणी मुळात आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातली, हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. आणि कर्नाटकात तिचं उत्पादन वाढलं ते मंड्याच्या संशोधन केंद्रात सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी वाणांचा संकर केला म्हणून. त्या वाणांचं नावच 'इंडाफ', म्हणजे इंडिया आणि आफ्रिका. लोक लक्ष्मणय्यांना 'रागी ब्रह्म' म्हणतात. म्हणजे आपण ज्याला आजीच्या काळचं अस्सल धान्य म्हणतो, त्याच्या मागे एका शास्त्रज्ञाची आयुष्यभराची चिकाटी आहे. मला तरी त्यामुळे मुद्द्याची चव कमी लागत नाही.

लष्कराचा शिध्याचा इतिहासही इथे सांगण्यासारखा आहे. भरड धान्यं कधीकाळी जवानांच्या शिध्यात होती. नंतर गव्हाच्या पिठापुढे ती मागे पडली आणि बंद झाली. सुमारे अर्ध्या शतकानंतर, मार्च 2023 मध्ये, लष्कराने ज्वारी, बाजरी आणि नाचणीचं पीठ पुन्हा शिध्यात आणलं. तांदूळ आणि आट्याच्या मंजूर कोट्यापैकी 25 टक्क्यांपर्यंत ते घेता येतं. ते वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष होतं, त्यामुळे सगळीकडे केक, कुकी आणि पिझ्झा बेस झाले. माझा याला विरोध आहे. नाचणीत मैदा, साखर आणि लोणी घालून तिला 'हेल्दी' म्हणणं ही फसवणूक आहे. मराठी जवानाला भाकरी द्या, कन्नड जवानाला मुद्दे द्या, पंजाबी जवानाला हिवाळ्यात बाजरीची रोटी द्या. लंगरमधल्या कुकला भाकरी थापता येत नसेल तर ती शिकवा. तोंडाची सवय बदलायला कुकीची पायरी लागत नाही.

हे झालं ज्यांच्याकडे निवड आहे त्यांचं. हाडीतली गोष्ट वेगळी आहे.

1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत बंडीपूर होतं. वाघ वाचला, ही मोठी गोष्ट झाली. मी त्या बाजूचाच माणूस आहे. पण जंगलाच्या आत राहणारी कुटुंबं कडेला आली. कंद, रानभाज्या, मध, मासे, खेकडे, जांभळं, आवळे हा जो त्यांचा आहार होता, त्याला कुंपण पडलं. कडेला आलेला माणूस शेतमजूर झाला, नाहीतर कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांवर कामाला गेला. मजुरी रोखीत मिळते आणि रोखीतून दुकानातलं अन्न येतं. 2013 पासून कर्नाटकात 'अन्नभाग्य' योजनेतून स्वस्त आणि मोफत तांदूळ मिळू लागला. त्याने भूक मिटली, यात शंका नाही, आणि उपाशी पोटाला आहारशास्त्र शिकवणाऱ्यांची मला चीड आहे. पण ज्या ताटात पूर्वी वर्षभरात कितीतरी तऱ्हेच्या गोष्टी यायच्या, त्यात आता पांढरा भात आणि पातळ सारू उरलं. दक्षिण कर्नाटकात रेशनवर नाचणीही मिळते. माझ्या मते हाड्यांमध्ये तिचा वाटा आणखी वाढायला हवा. सरकार शेतकऱ्याकडून हमीभावाने नाचणी विकत घेतं, पिकवणाराही याच जिल्ह्यातला आणि खाणाराही.

एका हाडीत एक अज्जा भेटले. माझं कन्नड कामचलाऊ, म्हणून सोबतच्या कॅडेटने दुभाष्याचं काम केलं. रिटायर्ड सुभेदारासारखे ताठ बसलेले. त्यांना मी विचारलं, जंगलात परत जायला मिळालं तर पहिलं काय खाल? ते म्हणाले, कंद. मग जरा थांबून म्हणाले, पण आता तिथे कंद तरी कुठे आहेत, सगळी लांटाना आहे.

लांटाना म्हणजे आपली घाणेरी किंवा टणटणी. अमेरिका खंडातली ही झुडपं इंग्रजांनी बागेच्या शोभेसाठी आणली, आणि आज बंडीपूर-नागरहोळेच्या जंगलात तिने मोठा भाग व्यापलाय. तिच्याखाली गवत वाढत नाही, कंदांच्या वेलींना जागा राहत नाही. शेजारच्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिग लोक याचं कारण सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला पालापाचोळ्याला हलकी आग लावायचे. त्यात झुडपांची रोपं जळायची आणि मोठी झाडं तगायची. अशा आगीवर बंदी आली आणि घाणेरी फोफावली. अभ्यासकांनीही त्यांच्या या म्हणण्याची दखल घेतली आहे. आपण ज्याला माणसाचा हात न लागलेला निसर्ग समजतो, त्याला माणसाचा हात लागलेला होता, आणि तो जाणता हात होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करण्याचा हक्क कागदावर दिलाय. माझ्या दृष्टीने इथल्या आरोग्याचा सगळ्यात स्वस्त कार्यक्रम त्या कागदात आहे. ज्या घरात मध काढता येतो, कंद खणता येतात, त्या घराला टॉनिकची बाटली वाटावी लागत नाही.

आता दुसरी बाजू. या तालुक्यातलं पूर्ण नैसर्गिक, जमिनीतून उगवलेलं एक पान जगभर जातं: तंबाखू. म्हैसूर जिल्ह्यातला हुणसूर, पिरियापट्टण, कोटेचा हा पट्टा व्हर्जिनिया तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. शेतात मातीच्या किंवा विटांच्या उंच भट्ट्या दिसतात. त्यात लाकूड जाळून पानं तापवून सुकवतात. पावसात भिजलेली पानं खुडताना निकोटीन कातडीतून अंगात शिरतं. मळमळ, उलट्या, चक्कर. बिडी न ओढताही. खुडणाऱ्यांत बायका आणि तरुण मुली असतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट एवढ्यानेही बराच फरक पडतो, पण उकाड्यात ते घालणार कोण, आणि विकत आणून देणार कोण?

तशीच चूल. सरपण नैसर्गिक, धूरही नैसर्गिक. बंद खोलीत लाकडाच्या धुरात वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईची फुप्फुसं सिगारेट ओढणाऱ्यासारखी होतात. 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर घरोघर दिसतो, पण पुन्हा भरून आणण्याच्या पैशांपाशी गाडी अडते, आणि चूल पेटतेच. शहरात आम्ही याची हौशी आवृत्ती करतो: 'हर्बल' मच्छर कॉइल. हर्बल असली तरी ती जळते, आणि जळणाऱ्या गोष्टीचा धूर होतो. मच्छरदाणी लावा. लष्कर जवानाला मच्छरदाणी देतं आणि ती लावली नाही तर हवालदार रात्री येऊन विचारतो. तितका नैसर्गिक उपाय दुसरा नाही. तीच गोष्ट मधाची: वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, मग तो कितीही अस्सल असो. त्यात क्वचित असणारे जिवाणूंचे बीजाणू मोठ्यांना काही करत नाहीत, तान्ह्या बाळाला लुळं करू शकतात.

आणि साप. शेत आणि जंगल यांच्या सीमेवर नाग, मण्यार, घोणस सगळेच. मंत्र, पाला, चिरा देणं, करकचून बांधणं, यात जो वेळ जातो तो जीव घेतो. जवानांना आम्ही शिकवतो तेच कॅडेटना शिकवतो: हलू देऊ नका, हाडाला फळी बांधतात तसा अवयव स्थिर करा, धीर द्या, आणि थेट दवाखाना. प्रतिविष म्हणजे सापाचंच विष घोड्याला थोडंथोडं टोचून त्याच्या रक्तापासून केलेलं औषध. निसर्गातूनच आलेलं म्हणा हवं तर, पण ते दवाखान्याच्या फ्रिजमध्ये असतं, झाडाखाली नाही. 2024 साली कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, ते फार बरं केलं. किती माणसं जातात हे मोजल्याशिवाय औषध कुठे किती ठेवायचं हे ठरत नाही.

आदिवासींमधल्या सिकलसेलचंही तसंच. भारतात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो 1952 साली, इथून जवळच्याच निलगिरीत. तो रक्तात, जन्मापासून असतो. कुठल्याही काढ्याने जात नाही. वेळेवर तपासणी आणि नियमित औषधाने आयुष्य वाढतं.

सरगूरला विवेकानंद मेमोरियल हॉस्पिटल आहे. 1984 साली म्हैसूरच्या मेडिकल कॉलेजातल्या डॉ. आर. बालसुब्रमण्यम आणि त्यांच्या मित्रांनी स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट सुरू केली, ती या हाड्यांमध्ये येऊन स्थिरावली. शोधग्रामच्या बंग दांपत्याचं काम ज्यांना माहीत आहे त्यांना या कामाची जात लगेच ओळखू येईल. इथे आयुर्वेदही आहे आणि ऑपरेशन थिएटरही, आणि त्यांचं एकमेकांशी भांडण नाही. मला हे पाहून पुणं आठवलं. निसर्गोपचाराचा एवढा मोठा पुरस्कर्ता दुसरा झाला नाही असे गांधीजी येरवड्याला कैदेत होते. जानेवारी 1924 मध्ये त्यांचं अपेंडिक्स बिघडलं. ससूनमध्ये कर्नल मॅडॉक या लष्करी डॉक्टरने ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात ते पुरं झालं. त्याच गांधीजींनी 1946 मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला. आधी बेत पुणे शहरातला होता. पण शहरातल्या संस्थेत गरीब येणार नाहीत हे जाणून ते खेड्यात गेले. रिसॉर्टवाल्यांनी एवढं एक तरी वाचावं.

वाचक नेहमी विचारतात म्हणून, आमच्या घरी काय चालतं ते सांगतो. आठवड्यातून चार दिवस नाचणी किंवा ज्वारी. सकाळी आंबील: दोन चमचे नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवून गार करायचं, ताक, मीठ, जिरं, हवं तर ठेचलेला लसूण घालायचा. रात्री साडेनऊला फोन बाहेरच्या खोलीत. खिडक्या उघड्या, मच्छरदाणी लावलेली. फरशीला पाणी आणि साधा साबण. मध सरगूरच्या सहकारी संस्थेच्या दुकानातून आणतो. तिथे आदिवासींनी आणलेला मध वजनावर घेतात, आणि भाव फळ्यावर लिहिलेला असतो.