‘पाहिजेत’ या शब्दामागचे मौन

कल्याणचा दुर्गाडी किल्ला मागे टाकून उल्हास खाडीवरील पूल ओलांडला, की भिवंडी तालुक्यातील कोन लागते. यंत्रमागांसाठी ख्यातकीर्त असलेल्या या तालुक्यात आता गोदामांचा पसारा वाढला आहे आणि त्याबरोबर ‘कामगार पाहिजेत’ या जाहिरातीही. ‘पगार योग्यतेनुसार, ताबडतोब भेटा’ एवढ्यावरच त्या बहुधा आटोपतात. काम कोणते, पाळी कोणती, वेतन किती आणि मालक कोण, याविषयी मात्र मौन असते.

या मौनाची किंमत गरजू उमेदवार मोजतो. दिवसाची मजुरी बुडवून, रिक्षाचे भाडे खर्चून तो गोदामाच्या फाटकाशी पोहोचतो. तेथे त्याला कळते की काम रात्रपाळीचे आहे आणि नेमणूक ठेकेदाराकडची. परतावे तर दिवस वाया, राहावे तर अटी निमूटपणे मान्य. जाहिरातीतील एका ओळीने जे सांगता आले असते, त्यासाठी अनेकांनी भुर्दंड सोसावा, हा न्याय नव्हे.

वेतन उमेदवार पाहून ठरते, असा मालकवर्गाचा युक्तिवाद असतो. तसे असेल तर किमान व कमाल आकडा द्यावा. आकडा जाहीर केल्यास जुने कामगार कुरकुरतील, ही भीतीही व्यक्त होते. परंतु तसे घडले, तर दोष जाहिरातीचा नसून वेतनरचनेचा ठरेल. शिवाय अंधारात ठेवून घेतलेला कामगार आठवड्यातच निघून गेला, की पुन्हा भरतीचा खटाटोप मालकालाच करावा लागतो.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी भरतीची सूत्रे जॉबरच्या हाती होती. ती त्याच्याकडून काढून घ्यावीत, अशी शिफारस शाही कामगार आयोगाने 1931 मध्ये केली. माहिती ज्याच्या मुठीत, सत्ता त्याच्या हाती, हाच त्या अनुभवाचा धडा होता. पुढे रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचा कायदा 1959 मध्ये झाला. कामाचे स्वरूप, जागांची संख्या, वेतन व कामाचे ठिकाण हा तपशील त्याच्या नियमांनी आवश्यक ठरविला. सरकारी कार्यालयाला जे कळविणे योग्य मानले गेले, ते प्रत्यक्ष उमेदवारापासून लपवावे, याला कोणते समर्थन आहे?

काम, वेतन, पाळी, ठिकाण आणि मूळ मालकाचे नाव, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक जाहिरातीत असाव्यात. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्याला प्रामाणिक कामगार हवा, त्याने प्रथम आपली जाहिरात प्रामाणिक करावी.